रबर ओळखणारे काका

टेबल टेनिसची बॅट कुणाचीही असो, काका ती विचारून घेत नसत. हातातून काढून घ्यायचे, रबरावर अंगठा दाबून क्षणभर थांबायचे, मग नाकाशी नेऊन वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "ह्यां मेलां." कधी वर्षातून दोनदा, "जिवंत आसा." याच्या मधलं काही त्यांच्याकडे नव्हतं.

आमच्या कणकवलीच्या हॉलमध्ये दोनच टेबलं. संध्याकाळी साताठजण जमायचो. काका आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट होते, मी तिथेच ऑफिसात क्लार्क. निवृत्त झाल्यावर ते रोज हॉलवर येऊ लागले. स्वतः खेळायचे कमी. पण नवं रबर चिकटवायचं तर त्यांनीच. गोंद असा पसरायचे की एक बुडबुडा राहायचा नाही, आणि कडा एका दमात कापायचे. कुठलं रबर कुणाला चालेल, कुठल्याला स्पिन आहे आणि कुठलं नुसतं दिसायला लाल आहे, हे त्यांनी सांगायचं आणि आम्ही ऐकायचं. जिल्ह्यातले खेळाडू पार देवगडहून बॅटी घेऊन त्यांच्याकडे यायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं म्हणणं बरोबर असतं आणि म्हणूनच ती कुणाला आवडत नाहीत. आमच्यात खेळणाऱ्या बँकेतल्या साहेबांनी मुंबईहून महागडं रबर आणलं तेव्हा काकांनी ते दाबून पाहिलं आणि खास त्यांच्यासाठी शुद्ध मराठीत सांगितलं, "साहेब, रबर उत्तम आहे. पण त्याला तुम्ही झेपणार नाही." सगळे हसले. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. मला काका म्हणायचे, "बॅकहँड मारतंस काय घावणे घालतंस?" मीही हसायचो. घरी जाऊन आरशासमोर बॅकहँड मारून बघायचो.

एकदा त्यांना स्कूटरवरून घरी सोडताना त्यांनी मला मधेच थांबायला सांगितलं. उतरले, पायातली चप्पल कुठेतरी मागे पडली होती. कधी पडली ते त्यांना कळलंच नव्हतं. मी ती शोधून आणली. चप्पल घालता घालता ते म्हणाले, "साखरेन पाय खाल्ले. आता हातय खाता. अंगठ्याक काय कळणा नाय, सा म्हयने झाले."

"मग रबर कसां ओळखतास?"

"आवाजान." बॅट कानाजवळ धरून ते हल्ली तिच्यावर चेंडू टपटपवायचे, ते आम्हाला नवं नाटक वाटत होतं. "मेलेल्या रबराचो आवाज पोकळ येता. अंगठो आपलो दाखवूक." मग म्हणाले, "कोणाक सांगू नको."

मी सांगणार नाही म्हटलं.

त्यानंतर लविनाचं झालं. लविना आमच्या शेजारच्या सरांची मुलगी, नववीतली. तीन वर्षं नेमाने यायची. जिल्ह्याच्या निवडीत दुसऱ्यांदा पडली तेव्हा तिच्या वडिलांनी तिला नवं रबर आणून दिलं आणि ती ते चिकटवून घ्यायला काकांकडे आली. काकांनी चिकटवलं, कडा कापल्या, बॅट तिच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चेडवा, रबर बदलून काय होवचां नाय. तुझो हातच लाकडाचो आसा. अभ्यास कर."

ती बाथरूममध्ये जाऊन रडली. बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. काका दुसऱ्या बॅटीची कड कापत होते. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

आम्ही चिडलो. एवढ्याशा पोरीला असं बोलतात का, असं एकमेकांना म्हणत राहिलो. आज प्रामाणिकपणे सांगतो, त्या रागात लविना थोडी होती. बाकी प्रत्येकाच्या मनात स्वतःचाच निकाल होता. साहेब म्हणाले, "एकदा यांची परीक्षा घ्यायला हवी." आणि मी, ज्याने शब्द दिला होता, तो म्हणालो, "घेऊ. पण आवाज ऐकू येता कामा नये."

हॉलच्या कपाटात एक रबर सहा वर्षं तसंच पडलं होतं. वरची पारदर्शक फिल्मही निघालेली नव्हती. दिसायला चकचकीत, पण आतून वाळून पुठ्ठ्यासारखं कडक. कुणाच्याही बोटाला कळलं असतं. साहेबांनी ते एका बॅटीला चिकटवलं आणि वास यावा म्हणून कडांना ताजा गोंद लावला. रविवारी सगळे जमल्यावर त्यांनी ती काकांच्या हातात दिली. "नवीन मागवलंय काका, सांगा कसं आहे." साहेबांच्या दुसऱ्या हातात मोबाइलचा कॅमेरा चालू होता.

काकांनी अंगठा दाबला. वास घेतला. मग बॅट कानाशी नेऊन चेंडू टपटपवू लागले. त्याच वेळी मी भिंतीवरचा मोठा एक्झॉस्ट पंखा लावला. खेळताना तो आम्ही कधीच लावत नसू, चेंडू उडतो आणि आवाज तर गिरणीसारखा. काका थांबले. पंख्याकडे पाहिलं. पुन्हा चेंडू टपटपवला. पुन्हा अंगठा दाबला, या खेपेला जोरात, नख पांढरं होईपर्यंत. सगळे वाट बघत होते.

"जिवंत आसा," ते म्हणाले. "बिनघोर खेळा."

हॉल हसून हसून कोसळला. साहेबांनी कपाटातलं जुनं पाकीट दाखवलं. कुणीतरी काकांच्याच आवाजात ओरडलं, "ह्यां मेलां." पंखा चालूच होता, म्हणून हसणंही मोठमोठ्याने चाललं होतं.

काकांनी बॅट टेबलावर ठेवली. आपली सुरी आणि गोंदाची बाटली पिशवीत भरली. जाताना ते माझ्यापाशी थांबले.

"पंखो तू लावलंस?"

"उकडत होतां, काका."

त्यांनी मान हलवली. "उकडता खरां आज," म्हणाले आणि गेले.

तो व्हिडिओ दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरला. कॉलेजच्या पोरांनी त्याला गाणं लावलं. पुढच्या बाजाराला काका मासे घ्यायला गेले तेव्हा कुणीतरी बांगड्यावर अंगठा दाबून विचारलं, "काका, ह्यो जिवंत आसा?" महिनाभराने ते घर बंद करून कुणकेश्वरला भावाकडे राहायला गेले. साहेबांचं म्हणणं पडलं, माणसाला गंमत कळायला हवी.

लविनाला खूश करावं म्हणून मी तिला तो व्हिडिओ दाखवला होता. तिने शेवटपर्यंत पाहिला. हसली नाही.

"अंकल, ते खरां बोलले होते," ती म्हणाली. "तीन वर्सां तुमी सगळे माका छान छान म्हणी होतास."

मोबाइल परत देऊन ती अभ्यासाला बसली.

गेल्या पावसाळ्यात काका वारले. पाय कापला होता, जखम भरली नाही. त्याआधी एकदाच मी कुणकेश्वरला त्यांना भेटायला गेलो होतो. माफी मागायची असं ठरवलं होतं, वाटेत वाक्यं जुळवत होतो. त्यांच्या भावाचं घर देवळापासून जरा आत, कलमांच्या बागेत. ओटीवर त्यांची भावजय तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं. ती उठून आत गेली. आत खाट करकरली, हळू बोलणं ऐकू आलं. मग ती बाहेर आली आणि पुन्हा सुपापाशी बसली.

"ते सांगतत, ते घरात नाय," ती म्हणाली.

 मी विचारलं, "कधी येतले?"

तिने दाराकडे पाहिलं, सूप मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "तां काय सांगूक नाय त्येंनी."