थारोळ्यावर पडलेले काळवीट

वैशाखातला मंगळवार, निजामी अमलाची अखेरची वर्षे. ठाण्यात हजर: मी अमीन, म्हणजे ठाण्याचा फौजदार, एक जमादार, दोन जवान, जंगल खात्याचा नाकेदार आणि संशयित धनगर. नोकरीत पुष्कळ प्रकरणे पाहिली, पण हे आजही जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहे.

खबर होती की भोकरदनकडच्या राखीव रानातले काळवीट मारले गेले. मुंडके आणि खूर धनगराच्या वाड्यामागे पडले आहेत. खबर देणारा गावातला एकमेव बंदूक-परवानेदार. नाकेदाराने मेंढ्या कोंडवाड्यात घातल्या. कोकरे मात्र वाड्यावर, दुधाविना.

"कुठं मारलंस?" मी धनगराला विचारले.

"मारलंच न्हाई, साहेब. मी मेंढ्यास्नी पाणी पाजायला गेल्तो. मला बांधा, पण मेंढ्या सोडा. कोकरं मरत्याल."

मुंडक्यात छर्रे होते आणि धनगराकडे फक्त कुऱ्हाड. पण परवानेदार म्हणे, बंदूक पेटीतून काढलीच नाही. साक्षीदार मिळेना. मटण घरोघर गेले असावे; खाल्लेले गाव बोलत नाही.

दुपारी एक कुणबी तणतणत आला.

"फिर्याद लिहा. काळवीट माझ्या विहिरीच्या थारोळ्यावर, मोटंचं पाणी पडतं तिथं, पडलं. ज्याच्या शेतात शिकार पडती, त्याला मांडी. बापजाद्याची रीत हाय. परवानेदारानं मला हाडूकसुदिक दिलं न्हाई!"

जमादाराने हसू दाबले. "मामा, शिकार गुन्हा हाय, मालूम हाय का?"

"जंगलात गुन्हा. माझं शेत जंगल हाय व्हय?"

मी त्याचे बयान लिहून अंगठा घेतला आणि परवानेदाराला बोलावून समोर उभे केले. कुणब्याने पुन्हा मांडी मागितली. तसा परवानेदार उसळला.

"थारोळ्यावर न्हाई, बांधाच्या पल्याड पाडलं मी ते! तुला मांडी कशाची?"

जमादाराने टाक दौतीत बुडवला.

दिवस मावळायच्या आत मेंढ्या सुटल्या. धनगर सलाम करायलाही थांबला नाही. कळप घेऊन पळतच गेला. कोकरे वाचली. परवानेदाराची बंदूक जप्त झाली, त्याला शिक्षाही झाली.

धाक घातला की माणूस गप्प बसतो. हक्क डावलला की बोलतो. पुढे प्रत्येक तपासात मी आधी हेच विचारले: यात नाराज कोण?

जागेच्या पंचनाम्याला गेलो, तेव्हा काळवीट विहिरीवर का आले तेही दिसले. रानातला पाणवठा गाळाने बुजला होता. तो उपसावा असे जंगल खात्याला लिहिले, पुन्हा लिहिले. हरणे अजून थारोळ्यावरच येतात. गाळ काढायचा राहिला आहे.