दीड कोसाचं पाणी

रामकली माझी चुलत भावजय, खुशालदादाची विधवा. तिच्याबद्दल लिहायला बसलोय, तर आधीच सांगून टाकतो, की या बाईवर मी सात-आठ वर्षं मनातल्या मनात जळलो आणि अजूनही पुरता विझलेलो नाही. मी खैरटोलीचा सरपंच. गोंदियाला सातवीपर्यंत शिकलेला, अक्षर मोत्यासारखं, सही इंग्रजीत. ती अंगठेबहाद्दर. आणि गावात काही अडलं की लोक कुणाच्या दारात जायचे? तिच्या. मग मी जळू नये तर काय करावं!

तिचं माहेर नवेगाव बांधाकडचं. एवढ्या मोठ्या तळ्याच्या काठी वाढलेली पोर आमच्या गावात नांदायला आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीत डोकावून म्हणाली, ‘‘येवढंच पानी?’’ सासूनं तिला त्यावरून वर्षभर बोल लावले. पुढे अठ्ठेचाळीस साली खुशालदादा तीन दिवसांच्या तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. ती आता माहेरी जाईल आणि चार एकर धानाचं शेत आमच्या वाट्याला येईल, असं भावकीला वाटत होतं. लपवायचं कशाला, मलाही वाटत होतं. पण ती गेली नाही. तिनं शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं लावलं, घरामागं वांगी आणि वाल केले आणि दर बाजाराला टोपली डोक्यावर घेऊन तिरोड्याहून गाडीनं गोंदियाला जाऊ लागली.

ते दिवस नव्या राज्याचे होते. एक्कावन्न साली मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली. तोवर विहीर बुजली, रस्ता वाहून गेला, काहीही झालं की मालगुजाराच्या ओसरीवर जाऊन हात जोडायचे. आता ग्रामपंचायत आली आणि तिच्यावर जनपद सभा. शाळा, विहिरी, रस्ते, कोंडवाडा, सगळं जनपदाकडं. आणि जनपदाशी बोलायचं तर कागदावर. मला वाटलं, आता आपले दिवस आले. मी अर्ज लिहीत सुटलो. ‘सविनय सादर’पासून ‘आपला आज्ञाधारक’पर्यंत एक काना-मात्रा चुकायचा नाही. उत्तर यायचं, ‘विषय विचाराधीन आहे.’ ती उत्तरंसुद्धा मी टिनाच्या पेटीत जपून ठेवायचो आणि पारावर वाचून दाखवायचो.

पहिली ठिणगी पडली ती शाळेच्या कवेलूंवरून, म्हणजे कौलांवरून. पावसाळ्यात शाळा गळायची, पोरं कोपऱ्यात दाटीवाटीनं बसायची. मी तीन अर्ज केले. तिनं काय करावं? छपराचं एक फुटकं कवेलू उचललं, वांग्यांच्या टोपलीत ठेवलं आणि बाजार उरकून गोंदियाच्या जनपद कचेरीत नेऊन तिथला कारकून मुन्नालाल बाबू याच्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, ‘‘अशे दोनशे आहेत.’’ पंधरा दिवसांत कवेलूंची गाडी आली. लोक म्हणाले, रामकलीनं शाळा शाकारली. मी म्हणालो, माझ्या तिसऱ्या अर्जाचा परिणाम आहे. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी हो पण म्हटलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं, गावाला विहीर आणायची ती मीच.

गावात विहीर एकच, मालगुजाराच्या आजोबाच्या काळची. हिवाळ्यात तिच्यात पाणी असायचं, पण मचूळ, लालसर, वास मारणारं. चैत्र लागला की तळाशी गाळ आणि गाळात एक झिरा. बाया वाटीनं पाणी भरायच्या, एका घागरीला अर्धा तास. दर उन्हाळ्यात हगवणीनं एखादं लेकरू जायचंच. नवी विहीर हवी होती, यात वाद नव्हता. पण माझ्या जिवाला लागलं होतं ते वेगळंच. आमच्याकडं नव्या विहिरीचं लग्न लागल्याशिवाय तिचं पाणी कुणी तोंडात घालत नाही. विहिरीचा धनी आणि त्याची बायको जोडीनं पाटावर बसतात, हळद लावतात, पहिली घागर त्यांची. मग त्या विहिरीला पिढ्यान् पिढ्या त्याच्या नावानं ओळखतात. सरकारी विहिरीचा धनी कोण? मी ठरवून टाकलं होतं, सरपंच. मी आणि माझी बायको प्रेमिला त्या पाटावर बसलेले मला दिसत होते. अजून जागा ठरली नव्हती, पण पागोट्याचा रंग ठरला होता.

चोपन्नच्या हिवाळ्यात माझ्या अर्जाला फळ आलं. जनपदाचे ओवरसियर केशोराव पाहणीला येणार, असं पत्र आलं. गावात पहिल्यांदा साहेब येणार! आता साहेबाला गावचं ते लाल पाणी कसं पाजायचं? पाहुण्याला दिलेलं पाणी म्हणजे घराची अब्रू. नाल्यापलीकडं, दीड कोसावर, मालगुजाराच्या बगीच्यात गोड्या पाण्याची विहीर होती. मी पहाटेच तीन बायांना घागरी देऊन पाठवलं. त्यात रामकलीही होती. पाणी आलं, साखर विरघळली, लिंबू पिळलं. केशोराव आले, सायकल टेकवली, जुन्या विहिरीत एकदा वाकून पाहिलं. दहा हातांवर पाणी चमकत होतं. मग माझ्या ओसरीवर बसून ते आधी तांब्याभर पाणी प्यायले, मग दोन पेले सरबत. म्हणाले, ‘‘पाणी छान आहे हो तुमच्याकडं.’’ मी फुगून म्हणालो, ‘‘आपली कृपा, साहेब.’’

दोन महिन्यांनी कागद आला. ‘सद्यःस्थितीत नवीन विहिरीची निकड दिसून येत नाही.’ आणि विहीर मिळाली कुणाला? शेजारच्या गावाला! त्यांचा सरपंच साधी सही करताना घाम पुसणारा माणूस. मी पारावर जाहीर केलं, की कचेरीत वशिल्याशिवाय पान हलत नाही, आणि आणखी चार अर्ज लिहिले.

रामकलीनं अर्ज लिहिला नाही. बाजार झाला की ती कचेरीच्या पायऱ्यांवर बसायची, उरलेले वाल सोलत. बाबू आत जाताना म्हणायची, ‘‘बाबू, खैरटोली.’’ बाहेर येताना पुन्हा, ‘‘बाबू, खैरटोली.’’ बाकी एक शब्द नाही. मुन्नालाल कावायचा, ‘‘अरे, ये खैरटोली फिर आ गई!’’ पुढं पुढं कचेरीतले लोक तिलाच खैरटोली म्हणू लागले. मी एकदा कामासाठी गेलो आणि माझं नाव सांगितलं, तर चपराशी म्हणाला, ‘‘अच्छा, खैरटोलीवाली बाईच्या गावचे का तुम्ही?’’ माझ्या अंगाची लाही लाही झाली. सरपंच मी, आणि ओळख तिची!

छप्पन्नच्या वैशाखात, भर दुपारी, प्रेमिला धावत आली. म्हणाली, ‘‘अवो, ओवरसियरसाहेब आलेत. वयनीच्या घरी बसून राहिले.’’

मी टोपी घातली, सदऱ्याच्या गुंड्या लावत लावत गेलो. पाहतो तर केशोराव तिच्या ओसरीवर खाटेवर बसलेले, हातात पितळी तांब्या. प्यायले नव्हते, नुसते तांब्यात पाहत होते. ती दाराशी उभी होती. म्हणत होती, ‘‘पाव्हन्याले पानी देल्याबिगर आमी ठेवत नाई, साहेब. आमच्याकडे हेच आहे.’’ त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, तांब्या खाली ठेवला आणि वहीत काही लिहिलं. मग तिच्यासोबत विहिरीवर गेले. मी मागून. झिऱ्याभोवती सात घागरी रांगेत होत्या.

‘‘साहेब, घरी चला, सरबत घ्या,’’ मी म्हणालो.

ते हसले. ‘‘नको, सरपंच. तुमचं सरबत फार महाग पडतं.’’

मला वाटलं, थट्टा केली. मी पण हसलो. पण घरी आल्यावर डोक्यात एकच, साहेब तिच्या खाटेवर बसला. माझ्याकडं चांगली वेताची खुर्ची होती, ती तशीच राहिली.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला हात कचरतो, पण लिहितो. पारावर चार माणसांत मी म्हणालो, ‘‘बाईमाणूस आठ-आठ दिवसांनी कचेरीत जाऊन बसते, मंग कामं होतीलच ना बाप्पा.’’ अर्थ सगळ्यांना कळला. कुणी हसलं नाही. म्हातारा मंगरू तंबाखू थुंकून उठून गेला. मला वाटलं, हेही तिच्याच बाजूचे.

दिवाळीनंतर मंजुरीचा कागद आला. नियमानं तो सरपंचाच्या नावे आला. ‘फेरतपासणीअंती’ असा एक शब्द त्यात होता, तो मी वाचला आणि सोडून दिला. मला माझं नाव दिसत होतं. अर्धा खर्च जनपदाचा, अर्धं गावचं श्रमदान. सगळ्यांनी खोदलं. मी खोदणाऱ्यांची यादी ठेवली. रामकली रोज पाट्या वाहायची, बाजाराचा दिवस सोडून. बावीस हातांवर खडक फुटला आणि पाणी लागलं. मी चाखलं, गोड होतं.

सत्तावन्नच्या अक्षय तृतीयेला विहिरीचं लग्न ठरलं. आंब्याची तोरणं, हळद, कुंकू, दोन पाट. पागोटं केशरी. जनपदाचे अध्यक्ष येणार होते, त्यांना उशीर होत होता. केशोराव आधी आले आणि विहिरीच्या कठड्यावर टेकले.

‘‘पाटावर कोण बसतंय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मी अन् आमची घरची,’’ मी म्हणालो. ‘‘चार वर्षं अर्ज केले, साहेब. शेवटी तुम्ही ऐकलंत.’’

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पिशवीतून पाहणीची जुनी वही काढली आणि चोपन्न सालचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. त्यांच्याच अक्षरात होतं, ‘गावातील पाणी गोड व मुबलक. विहिरीची निकड नाही.’

‘‘मी जे प्यायलो ते लिहिलं,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘त्या वर्षी पैसा तुमच्या गावासाठीच ठेवला होता. या पानामुळं तो दुसरीकडं गेला. मग ती बाई येऊन म्हणाली, साहेब, तुमी आमचं पानी पेलेच नाई. मी म्हटलं, प्यायलोय की. ती म्हणाली, थे दीड कोसाचं होतं, मीच आनलं.’’

पंचावन्नचा उन्हाळा, छप्पन्नचा उन्हाळा. दोन उन्हाळे बाया वाटीनं पाणी भरत होत्या. गावातल्या श्यामलालचं लेकरू पंचावन्नच्या ज्येष्ठात हगवणीनं गेलं. मी त्याच्या मातीला गेलो होतो आणि परत येताना म्हणालो होतो, कचेरीवाले माजलेत.

रामकली बायांमध्ये उभी होती. मी तिला बाजूला बोलावलं.

‘‘वयनी, तुले मालूम होतं? माह्या सरबतानं विहीर गेली म्हून?’’

‘‘हो.’’

‘‘मंग मले सांगतलं काऊन नाई?’’

‘‘सांगतलं होतं, भाऊजी. त्याच दिवशी. घागर उतरवता उतरवता म्हटलं, साहेबाले आपलंच पानी द्या. तुमी म्हणले, तू चूप राह्य, सरपंच मी आहो का तू?’’

मला ते आठवत नव्हतं. शपथेवर सांगतो, आठवत नव्हतं. पण ते वाक्य माझंच होतं, दुसऱ्या कुणाचं असणार?

‘‘गावाले कायले नाई सांगतलं मंग? पारावर मी तुह्याबद्दल काय बोललो ते त तुले समजलं असन.’’

‘‘समजलं,’’ ती म्हणाली. ‘‘सांगून का होते? श्यामलालनं तुमाले मारलं असतं. पानी त आलं नसतं.’’ आणि पदर खोचून बायांमध्ये निघून गेली.

तेवढ्यात अध्यक्षांची मोटार आली. डफडं वाजू लागलं. प्रेमिलानं माझी बाही ओढली, ‘‘चला ना, पाट मांडून राहिले.’’ मी त्या वेळी सगळ्यांसमोर बोलू शकलो असतो. केशोराव माझ्याकडंच पाहत होते, जणू वाट पाहत होते. श्यामलाल पहिल्या रांगेत, तोरण धरून उभा होता. मी त्याला पाहिलं आणि जाऊन पाटावर बसलो. हळद लावून घेतली. पहिली घागर ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि खरं सांगू? त्याही क्षणी मी तिच्यावर जळत होतो. तिला पाट नको होता, पागोटं नको होतं, नाव नको होतं. मला सगळं मिळालं होतं आणि तरी तिच्याजवळ काहीतरी जास्त होतं.

मग मी आभाराचं भाषण केलं. अध्यक्षांचं नाव घेतलं, केशोरावांचं घेतलं, मुन्नालाल बाबूचं घेतलं, बगीच्याच्या मालगुजाराचं घेतलं, श्रमदानवाल्या एकोणतीस जणांची यादी वाचली. त्या यादीत तिचं नाव सातवं होतं. सहावं वाचलं आणि आठव्यावर गेलो. श्यामलालनं पुढं येऊन माझ्या गळ्यात हार घातला.