पाठीमागचं चाक

दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ती रक्त काढायची. हात इतका हलका, की सुई टोचून झाल्यावर लोक विचारत, "कधी टोचणार?" सगळे तिला टाचणी म्हणत. कामात चोख, पण खुर्ची मात्र भिंतीला टेकूनच हवी. मागून कुणी हाक मारली तरी दचकायची.

बाप तिला समोरून कधी मारायचा नाही. ती अभ्यासाला बसली की मागून यायचा. पट्टा पाठीवर पडला की मगच कळायचं. आई आत भांडी जोरजोरात घासत राहायची. सतराव्या वर्षी ती मावशीकडे गेली, ती परत फिरकली नाही.

छत्तिसाव्या वर्षी टाचणी सायकलच्या शर्यतींत उतरली. एकटी असली की सुसाट, घोळक्यात मात्र तिची गाळण उडायची. एकदा पाठीशी टायरची घरघर ऐकू आली आणि तिने करकचून ब्रेक दाबला. मागची बाई येऊन आदळली, खांद्याचं हाड मोडलं. बँकेत कारकून होती ती, तोंडाची फटकळ. टाचणी माफी मागायला तिच्या घरी गेली.

"रस्त्यात साप दिसला होता का गं?"

टाचणीने आजवर कुणाला न सांगितलेलं सगळं सांगून टाकलं.

कारकून बाईने झोळीतला हात सावरला. मग म्हणाली, "मी मारायला नव्हते येत बाई. तुझ्या आडोशाला आले होते. समोरचा वारा तू अंगावर घेत होतीस, मी आयती चालले होते. हाड जुळू दे, मग रोज तुझ्या मागे असेन. बोंबलत."

बोलली तशी वागली. रोज सकाळी मागून ओरडायची, "आले गं, डावीकडे आहे!" पहिल्याच आठवड्यात टाचणीला रस्त्याकडेला उलटी झाली. कारकून बाईने पाण्याची बाटली पुढे केली. चार महिन्यांनी एकदा ती ओरडायला विसरली. टाचणीच्या ते लक्षात आलं थेट पूल ओलांडल्यावर.

पुढच्या शर्यतीत वारा समोरून होता. शेवटचे बारा किलोमीटर टाचणीच पुढे राहिली, मागे चौघी. रेषेपाशी चौघीही तिला मागे टाकून गेल्या.

"आडोसा झकास होता हं!" तिसरी आलेली कारकून म्हणाली. पाचवी टाचणी हसत सुटली.

बाप अजून आहे. भाऊ फोन करतो, "थकलेत गं, एकदा येऊन जा." पूर्वी ती फोनच उचलत नसे. आता उचलते, "नाही येणार" म्हणते आणि भाच्यांची चौकशी करते. रविवारी ती नवख्या बायकांना घोळक्यात सायकल चालवायला शिकवते.