पाण्याचं बिल कुणाच्या नावावर?

आमचे हे नळकाम करतात. कुणी पाइप बदलायला बोलावलं की आधी विचारणार, "पाण्याचं बिल कुणाच्या नावावर?" एकदा भाडेकरूच्या सांगण्यावरून भिंत फोडली आणि घरमालक अंगावर धावून आला, तेव्हापासूनची ही खोड. गिऱ्हाईक वैतागतं, मी कपाळाला हात लावते, पण जित्याची खोड ती!

आमची एकुलती एक लेक परदेशात. पदरात तान्हं मूल, जावई बोटीवर. तिच्याच गल्लीत दोन खोल्यांचं घर विकायला निघालं, तशी ती म्हणाली, "बाबा, हे घ्या आणि या." मी त्याच दिवशी बॅगा काढल्या. ह्यांनी मात्र दोन महिने फायली केल्या. बँकेचं पत्र, तीस वर्षांच्या कमाईचे कागद, पैसे बाहेर पाठवायची परवानगी, कराराचं भाषांतर. तिथली एक वकीलबाईही शोधून ठेवली. पण दलाल घाई करायला लागला. म्हणे, आधी बयाणा पाठवा, तपासणी मागाहून.

बयाणा पाठवायच्या आदल्या दिवशी त्यानं व्हिडिओवर घर दाखवलं. मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन. मी हरखून बघतेय आणि हे म्हणतात, "पाण्याचं बिल दाखवा."

"अहो, काय हे! जन्माची कमाई ओतायची वेळ आली, आणि तुम्हाला बिलाचं पडलंय?" मी भडकलेच.

बिल निघालं ते घर विकणाऱ्याच्या वारलेल्या आईच्या नावावर. ह्यांनी बयाणा थांबवला आणि बिल वकीलबाईंकडे पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं: घर अजून आईच्याच नावावर, दोन बहिणींचाही वाटा आहे, आणि एक बहीण विकायला तयारच नाही.

व्यवहार मोडला. ह्यांनी लेकीला सांगितलं, तर ती रडायलाच लागली. "तुम्हाला यायचंच नव्हतं, बाबा!" म्हणाली आणि फोन ठेवला.

"जरा गोडीनं समजवायचं होतं," मी म्हटलं. "एकटी आहे हो पोर."

"रागावू दे माझ्यावर," हे म्हणाले. "पैसे बुडाले असते, तर तिनं मला नसता बोल लावला. जन्मभर स्वतःला खात बसली असती."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. किती जीव आहे ह्यांचा पोरीवर, आणि मी मेली बिलावरून भांडत होते. पण कबूल कशाला करायचं? म्हटलं, "उद्या त्या वकीलबाईंना विचारा, गल्लीत दुसरं एखादं घर आहे का."

"मघाशीच विचारलं," हे म्हणाले.