शिकारीतला वाटा

एकाहत्तर साली पाथर्डीकडच्या आमच्या रानात डुकरांनी भुईमूग उकरून टाकला, तेव्हा शेजारगावचा एक शिकारी कुत्री घेऊन आला. निघण्याआधी त्याने चिमट्याने एकेका कुत्र्याच्या पंजातले काटे काढले. गावातला पहिला बी.ए. म्हणून मीही ऐटीत भाला घेतला. डुक्कर अंगावर आलं, तसा भाला टाकून बाभळीवर चढलो.

डुक्कर त्यानेच लोळवलं. मग पळसाच्या पानांवर वाटे घातले, माणसांचे आणि कुत्र्यांचेही. एक वाटा माझ्यापुढे आला.

“पळाला त्याला बी वाटा?” चुलते हसले.

“वर पळाला. घरी न्हाई पळाला,” तो म्हणाला आणि त्याच चिमट्याने माझ्या तळव्यातले काटे काढू लागला.

तो वाटा मी गावातून मिरवत नेला. पदवीचा कागदही इतका मिरवला नव्हता.