रक्ताला फुटवे

बाळंतपणाच्या वॉर्डात तिला सगळे आक्का म्हणत. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. बाळ झालं की नाळेत सुई घालून उरलेलं रक्त पिशवीत उतरवायचं, हे तिचं काम. पिशव्या वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळेतल्या डॉक्टरकडे जात.

हा डॉक्टर झाडांना फुटवे आणणारं संप्रेरक माणसाच्या रक्ताच्या मूळपेशींवर घालून बघायचा. एका नाळेतलं रक्त आजारी मोठ्या माणसाला चढवायला पुरत नाही. पेशी वाढल्या तर पुरेल, असा त्याचा हिशोब. वॉर्डानं त्याला माळीबुवा करून टाकलं होतं.

“काय माळीबुवा, आज काय पेरलंत?” आक्का विचारायची.

“खत घालतोय,” तो हसायचा.

एखादी बाळंतीण का-कू करू लागली, की आक्का म्हणे, “अगं, फेकूनच देतात ते. कुणाचं भलं होऊ दे की.” बाया हो म्हणत त्या आक्काच्या शब्दावर. माळीबुवाला कोण ओळखत होतं?

मग तिची धाकटी बहीण बाळंतपणाला आली. धाकटीच्या मोठ्या मुलीच्या अंगात रक्त तयार होणंच थांबत चाललेलं. बाळाच्या नाळेतलं रक्त जुळलं, तर ते चढवून पोर वाचेल, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सिझर झालं. पिशवी आक्कानंच भरली. थोडं रक्त तपासणीला गेलं, पण रक्तपेढीला नेमकी सुट्टी. तिनं पिशवी माळीबुवाच्या फ्रीजमध्ये ठेवली.

“ही माझ्या भाचीची. हात लावाल तर याद राखा.”

“आक्का, माझ्यावर भरवसा नाही? पेढी उघडली की मीच पोचवतो.”

भरवसा होता. तिथंच घात झाला.

रक्त जुळल्याचं कळलं तेव्हा धाकटी अजून खाटेवरच होती. दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या. आक्का पेढीत धावली. पेढीवाले म्हणाले, अशी पिशवी आलीच नाही. ती तशीच जिना चढून वर गेली.

“बरं झालं आलात,” माळीबुवा सूक्ष्मदर्शकावरून उठला. “बघा तरी. ताजं रक्त मिळत नव्हतं, प्रयोग अडला होता. एवढी वाढ कधीच झाली नव्हती.”

“कुणाचं रक्त हे?”

त्याची नजर फ्रीजकडे गेली.

“वाढलंय ना? मग द्या त्यातलं.”

“देता येत नाही. संप्रेरक घातलेल्या पेशी माणसाला चालतात का, अजून कुणालाच माहीत नाही. परवानगी नाही.”

“राहिलेलं?”

“काही नाही राहिलं. पण आक्का, उद्या हजारो माणसांना...”

“हजारोंचं मला सांगू नका.”

प्रयोग वाईट नव्हता. माणूसही कधी उद्धट वागला नव्हता. म्हणून तर आक्काच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं त्याचं मनगट धरलं, जिन्यानं खाली आणलं आणि धाकटीच्या खाटेपाशी उभं केलं. “आता हिच्या तोंडावर सांगा.”

त्यानं सांगितलं, फरशीकडे बघत. धाकटी बाळाला पाजत ऐकत राहिली. तिनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

“यांना मी ओळखत नाही, आक्का,” ती म्हणाली. “मी तुला दिलं होतं.”

बाळ कुरकुरलं, तसा घ्यायला आक्कानं सवयीनं हात पुढं केला. धाकटीनं बाळ दुसऱ्या कुशीला घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.