तारऑफिसातली रेझिस्टन्सची पेटी

तारऑफिसात माणसं शब्द मोजून बोलतात. म्हणूनच की काय, तिथल्या गोष्टी मनात साठून राहतात. महाराजांच्या कारकिर्दीत आमचे हे कोल्हापुरात तारमास्तर होते. ऑफिसाच्या मागेच आमचं बिऱ्हाड. मला आठवतात ते किस्से सगळे एका पेटीचे.

*

पेटी लाकडी, वर पितळेच्या खुंट्या, आत खास मिश्रधातूच्या तारेची वेटोळी. "साधी तार तापली की तिचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो, हिचा जवळजवळ बदलत नाही," हे सांगायचे. लाइन बिघडली की खुंट्या काढून-बसवून तिचा रेझिस्टन्स मोजायचा. तार जितकी लांब तितका तो जास्त; त्यावरून बिघाड किती मैलांवर आहे ते कळायचं.

हातकणंगल्याच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "मास्तर, ही पेटी बोलती व्हय?"

"नाही, ही वीज अडवते."

"आरं तिच्या! अडवायला बी सरकारनं पेटी ठिवलीया!"

*

हुसेनभाई आमचे लाइनमन. एकदा पेटीनं नऊ मैल दाखवले. ते गेले, तर नवव्या मैलावरच बाभळीची ओली फांदी तारेला टेकलेली! परत येऊन दाराबाहेरूनच मला म्हणाले, "वैनी, पेटीची नजर लई लांबची हाय की!"

*

एका सणाला घरची पितळेची भांडी घासताना मी त्या खुंट्याही चिंचेनं घासल्या, पुसल्या, जागच्या जागी बसवल्या. ह्यांना सांगायचं राहूनच गेलं.

*

पुढच्या पावसात लाइन बंद पडली. पेटीनं दाखवले सहा मैल. हुसेनभाईंना तिथं काही सापडेना. एकेक खांब तपासत ते पुढं गेले. बिघाड निघाला सातव्या मैलावर! अर्धा दिवस गेला. वरच्या साहेबानं ठपका ठेवला, "लाइनमन कुठंतरी बसून राहिला. पेटी खोटं सांगत नाही." हुसेनभाईंची नोकरी गेल्यातच जमा होती.

चौकशीच्या दिवशी ह्यांनी एक खुंटी उपसली. बुडाशी चिंचेचा पांढुरका थर! मी आतून पाहत होते. परक्या पुरुषांसमोर कधी न येणारी मी बाहेर आले आणि म्हणाले, "चूक माझी. खुंट्या मी चिंचेनं घासल्या."

ह्यांनी चांगली लाइन आधी त्याच मळक्या खुंट्यांनी मोजली, मग खुंट्या स्वच्छ पुसून मोजली. मळक्या खुंट्यांनी बरोबर एक मैल कमी दाखवला होता!

साहेबानं ठपका खोडला. मग हुसेनभाईंकडे वळून विचारलं, "पेटी चुकली हे तुला कळलं होतं. बोलला का नाहीस?"

"साहेब, पेटी विलायतेची, मी कोडोलीचा. कुणाचं ऐकलं असतं तुमी?"